विश्लेषण : पाळीची नोकरी आणि घरातला अबोला, दोष स्वभावाचा की थकव्याचा?

कोळसा खाणी, सिमेंट आणि स्पंज आयर्नचे कारखाने यांमुळे घुग्घुसचे घड्याळ पाळीवर चालते. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येणारा नवरा आणि डबा, पाणी, मुलांची शाळा यांत अडकलेली बायको यांची भेट अनेक घरांत दारातच होते. ‘तुम्ही काही बोलतच नाही’ आणि ‘घरी आलो की कटकट सुरू’ ही वाक्ये मग रोजची होतात. हे भांडण स्वभावातून येते की थकव्यातून? मानसशास्त्राच्या मते बहुतेक वेळा दोन्हींतून.

बर्नआउट म्हणजे नेमके काय?

हा शब्द कामाच्या संदर्भात रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये. पुढे ख्रिस्तिना मॅस्लाक यांनी त्याची मोजपट्टी तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटचा उल्लेख आहे, मात्र आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने ती निर्माण होते. तिची लक्षणे तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि ‘आपल्याकडून काही नीट होत नाही’ ही भावना. साधा थकवा सुटीनंतर उतरतो. बर्नआउट सुटीनंतरही तसाच राहतो.

कामाचा ताण घरात कसा शिरतो?

रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. दुपारी, त्यातही पत्र्याच्या घरात, सलग झोप लागणे कठीण. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते आणि समोरच्याच्या साध्या प्रश्नातही टोमणा ऐकू येतो.

अमेरिकी संशोधक रेना रेपेट्टी यांनी १९८९ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रक आणि त्यांच्या पत्नींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त कामाच्या दिवशी नियंत्रक घरी गप्प राहत. पत्नीने त्यांना थोडी उसंत दिली, तर रागाचे प्रसंग कमी होत. म्हणजे हा अबोला अनेकदा शीण उतरवण्याची धडपड असते, पण घरच्यांना तो दुरावा वाटतो. हेच बायकोलाही लागू आहे. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या बाईची दुसरी पाळी घरीच सुरू होते आणि तिची हजेरी कुणी लावत नाही.

स्वभावाचा वाटा किती?

ताण सारखाच असला तरी सगळी घरे सारखी भांडत नाहीत. अमेरिकेतील केली आणि कॉन्ली यांच्या अभ्यासात सुमारे ३०० जोडप्यांची माहिती १९३० च्या दशकापासून १९८० च्या आसपासपर्यंत जमवली गेली. लग्न टिकणे आणि समाधान यांच्याशी तीन गोष्टींचा ठळक संबंध दिसला : नवऱ्याचा भावनिक अस्थिरपणा, बायकोचा भावनिक अस्थिरपणा आणि नवऱ्याचा स्वतःवरचा ताबा. भावनिक अस्थिरपणा म्हणजे लवकर काळजीत पडणे, चटकन दुखावले जाणे, वाईट तेच आधी दिसणे.

स्वभाव म्हणजे नशीब मात्र नव्हे. कार्नी आणि ब्रॅडबरी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार नाते तीन गोष्टींवर ठरते : मुळातले कच्चे दुवे, बाहेरचा ताण आणि त्याला दोघे मिळून कसे तोंड देतात. पहिले दोन सहजी बदलत नाहीत, तिसरे शिकता येते.

भांडण फिरून तिथेच का येते?

एक जण प्रश्न लावून धरतो, दुसरा गप्प होतो किंवा बाहेर निघून जातो. तो गप्प झाला की पहिल्याचा आवाज चढतो. आवाज चढला की दुसरा आणखी दूर जातो. प्रत्येकाला वाटते, सुरुवात समोरच्याने केली. इथे चूक एका माणसापेक्षा या चक्राची असते. ‘तू अशीच आहेस’, ‘तुमचा स्वभावच तसला’ असे बोलल्याने ते घट्ट होते. ‘काल फी भरायची राहिली’ अशी नेमकी तक्रार सोडवता येते.

काय करता येईल?

• पाळीचे वेळापत्रक घरात सगळ्यांना दिसेल असे लावावे. पैसे, सासर-माहेर हे विषय रात्रपाळीच्या सकाळी काढू नयेत.
• घरी आल्यावर अर्धा तास शांततेचा, पण त्यानंतर बोलण्याची वेळ ठरलेली हवी. नुसते ‘नंतर बोलू’ म्हणणे म्हणजे टाळणे.
• आठवड्यातून एकदा दोघांनी कामांची वाटणी पुन्हा पाहावी.
• उदासी, झोपमोड किंवा दारू वाढत असेल तर मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

थकव्याची सबब कुठे संपते?

मारहाण, धमकी, पैसे रोखून धरणे किंवा सतत पाळत ठेवणे याला ताण हे कारण पुरत नाही. २००५ च्या कायद्यानुसार तो कौटुंबिक हिंसाचार ठरू शकतो. अशा वेळी ‘जरा समजून घे’ हा सल्ला धोक्याचा असतो. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

उरलेल्या घरांत पहिला प्रश्न ‘चूक कुणाची?’ हा नको. ‘या आठवड्यात दोघांची झोप किती झाली?’ इथून सुरुवात केली तरी पुढचे बोलणे सोपे होते.