घाम गाळूनही पोट का सुटते?

'जरा हालचाल करा, चरबी उतरेल.' आपल्या वस्तीतल्या बाईला दवाखान्यात हा सल्ला हमखास ऐकावा लागतो. पहाटे पाचला रस्ता झाडायला निघणारी आणि नंतर चार घरची धुणीभांडी उरकणारी ही बाई. तिने आणखी किती हालायचे? गुडघे दुखतात, वजन वाढलेले, रक्तात साखर निघालेली, आणि समोरचा तिला आळशी ठरवून मोकळा! श्रम करणाऱ्यालाच आळशी म्हणण्याची या देशाची खोड जुनी आहे. आता ती शास्त्राचे नाव घेऊन चालते एवढेच. शास्त्र मात्र तसे सांगत नाही.

टांझानिया देशात हाड्झा नावाचे लोक शिकार करून, कंदमुळे खणून जगतात. त्यांचे शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करते ते हर्मन पाँट्झर या संशोधकाने सहकाऱ्यांसह मोजले आणि २०१२ साली प्रसिद्ध केले. रोज मैलोन् मैल चालणाऱ्या या माणसांचा खर्च, शरीराचे आकारमान जमेस धरले तर, अमेरिकेतल्या शहरी माणसाइतकाच निघाला. कष्ट वाढले की शरीर दुसरीकडे काटकसर करते. शिवाय भूक वाढते ती वेगळीच.

साधा हिशोब करून पाहा. साठ-सत्तर किलोचा माणूस तासभर नेहमीच्या चालीने चालला तर दोनशे-अडीचशे कॅलरी जळतात. एका वडापावात तेवढ्या, किंबहुना थोड्या जास्तच असतात. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या साखरेच्या दीड-दोनशे कॅलरी झाल्या. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. चालून चालून किती चालणार? वजन उतरते ते मुख्यतः ताटातून.

मग ताटात आहे काय? अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला. त्याने उपासमारीला आडकाठी घातली, त्याचे मोल कमी लेखू नये. पण रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळच येत राहिले. ज्वारीची भाकरी, अंबाडी, कुळीथ, सुकट-बोंबील मागे पडले. डाळ महाग. बैलाचे स्वस्त मांस गरिबांच्या ताटातले मोठे प्रथिन होते, त्यावर महाराष्ट्रात २०१५ साली कायद्याने बंदी आली. प्रथिनाने पोट लवकर भरते, वजन उतरताना स्नायू टिकतात. ते हिरावून घ्यायचे आणि वर 'भात कमी खा' म्हणायचे! बाई सकाळी उपाशी निघते, अकरापर्यंत गोड चहा आणि पाव, दुपारी भाताचा ढीग. याला हावरटपणा म्हणणाऱ्याने तिची मजुरी एकदा विचारावी.

आमचे कार्यकर्तेही यातून सुटलेले नाहीत. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असे किती जण सभेत दिसतात! पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, सारख्याच वजन-उंचीच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीयाच्या अंगात चरबी जास्त असते. म्हणून काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवावा. कंबर पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावे.

संयुत्त निकायात राजा पसेनदीची गोष्ट आहे. भरपेट भात खाऊन धापा टाकत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला पळायला सांगितले नाही, उपवासही सांगितला नाही. जेवणाची मात्रा ओळखणाऱ्याचे दुखणे कमी होते, अशा अर्थाची गाथा त्यांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला ठेवले. त्याबद्दल त्याला दिवसाला शंभर कहापण! राजाचा भात हळूहळू कमी होत गेला, अंग हलके झाले. एकदम तोडण्यापेक्षा रोजची आठवण, ही त्यातली युक्ती.

म्हणजे व्यायाम फुकट का? मुळीच नाही. नुसते खाणे तोडले तर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि वजन परत चढते. उतरलेले वजन राखायला व्यायामच लागतो, आणि साखरही त्याने आटोक्यात येते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपुढे सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे असे उद्दिष्ट ठेवले होते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या २००६ सालच्या पाहणीत ही घट सुमारे २८ टक्के आली. दोन्हीकडे आहार आणि व्यायाम जोडीने होते.

आता प्रश्न उरतो जागेचा. वस्तीतल्या व्यायामशाळेत पोरे असतात, रस्त्यावर दिवे नसतात, मैदान बिल्डरने गिळलेले. बायकांनी चालायचे कुठे? विहाराचे अंगण संध्याकाळी अर्धा तास त्यांच्यासाठी राखून ठेवायला कोणत्या समितीची हरकत आहे? वंदनेनंतर बुंदीऐवजी उकडलेले हरभरे, शेंगदाणे किंवा अंडी वाटता येतात, खर्च फारसा वाढत नाही. मात्र साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण एकदम कमी करू नये. साखर अचानक उतरली तर भोवळ येते, आणि पहाटे रस्ता झाडताना, शेजारून गाड्या धावत असताना ती जिवावर बेतू शकते.