मान घासून डाग जात नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, याच्या मानेवरचा मळ निघतच नाही. दगडाने घासून बघितलं."

तो मळ नव्हताच. वजनदार मुलाच्या मानेवर अशी काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसली, की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशी शंका घ्यावी. पुढे मधुमेह होऊ शकतो, याची ती सूचना असते. रक्तातली साखर सुदैवाने हद्दीत होती. "वडे-भजी बंद, खेळायला जा," असे दरडावून मी त्याला घरी पाठवले.

तीन महिन्यांनी वजन दोन किलोने वाढलेले! आई म्हणाली, "वडे केव्हाच बंद केले. आता पौष्टिकच देते. दुधात पावडर, डब्यात बिस्किटं आणि फळांच्या रसाचं खोकं."

त्याच सुमारास मुलीच्या आग्रहाने मी 'दॅट शुगर फिल्म' हा २०१४ चा ऑस्ट्रेलियन माहितीपट पाहिला. डेमन गॅमो याने साठ दिवस रोज सुमारे ४० चमचे साखर पोटात घातली. पण कोल्ड्रिंक, चॉकलेट, आइस्क्रीमला हात न लावता! फळांचे रस, कमी चरबीचे गोड दही, नाश्त्याचे तयार पदार्थ, असे 'पौष्टिक' अन्नच तो खात होता. वजन साडेआठ किलोने वाढले, यकृतात चरबी साठली.

एका माणसावरचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे. 'सुपर साइझ मी' (२००४) या गाजलेल्या माहितीपटाच्या मॉर्गन स्पर्लॉकने पुढे २०१७ मध्ये आपल्या दारूची कबुली दिली, तेव्हा त्याच्या यकृताच्या निष्कर्षांवर प्रश्न उभे राहिलेच. पण लपलेल्या साखरेचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच चिलीने २०१६ पासून जास्त साखरेच्या पाकिटांवर काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली. ब्रिटनने २०१८ पासून गोड पेयांवर कर बसवला, तेव्हा अनेक कंपन्यांनी पेयांतली साखरच कमी केली. म्हणजे सगळा दोष मुलाच्या जिभेचा नव्हता. दरडावताना हे मला सुचले नव्हते.

मग आम्ही तिघांनी पाकिटे समोर ठेवून हिशेब केला. पाकिटावरच्या साखरेच्या ग्रॅमना चारने भागले, की चमचे निघतात. पावडरीचे दोन, दुधात वरून एक, बिस्किटांचे दोन, रसाचे सहा. शाळा सुटायच्या आत अकरा चमचे! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसालाही दिवसाला साधारण बारा चमच्यांच्या आत राहायला सांगतात. सहाच्या आत राहिले तर अधिक चांगले. रसातली साखर यात धरतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली नाही.

आता डब्यात पेरू आणि भाजलेले शेंगदाणे असतात, दूध बिनसाखरेचे. पाच महिन्यांत उंची वाढली, वजन तेवढेच आहे. मानेचा डागही किंचित फिका झाला आहे.

तेव्हा वाचकहो, मुलाची मान काळी दिसली तर घासू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जाताना घरातली पाकिटे सोबत घेऊन जा.