सातबाऱ्याखालून वाहणारा वायू

काकीनाड्याजवळच्या समुद्रातला वायू गुजरातेत भरूचपर्यंत न्यायचा, तर वाटेत सोलापूर जिल्हा लागतो. रिलायन्सने बांधलेली ही पूर्व-पश्चिम पाइपलाइन सुमारे 1,400 किलोमीटर लांब आणि 48 इंच व्यासाची. एप्रिल 2009 मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 क्षेत्राचा वायू निघाला आणि ज्वारी-तुरीच्या रानांखालून वाहू लागला.

अशा कामात पाइपाआधी कागद येतात. महामार्गासाठी जमीन संपादित होते, इथे फक्त तिच्या वापराचा हक्क घेतला जातो. आधार 1962 च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याचा. पहिली अधिसूचना निघाली की हरकतीला 21 दिवस. राहत्या घराखालून किंवा पक्क्या बांधकामाखालून पाइप नेता येत नाही, एक मीटरपेक्षा उथळही टाकता येत नाही. मालकी शेतकऱ्याचीच राहते, पेरणीही त्याचीच. पण पाइपाच्या पट्ट्यात विहीर, तळे, घर नाही आणि झाडही नाही.

खरी मेख इथेच आहे. उभ्या पिकाची आणि इतर नुकसानीची भरपाई वेगळी मिळते. वापरहक्कापोटी मात्र अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या 10 टक्के. ज्वारीवाल्याचे त्यात भागेल, कारण पुढच्या रब्बीला तो पुन्हा पेरतो. डाळिंब-द्राक्षांच्या या जिल्ह्यात ज्याला बाग लावायची आहे, त्याचा मात्र तो पट्टा कायमचा अडकतो. दोघांना टक्का एकच. रक्कम अमान्य असेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागायची, म्हणजे तारखांचे हेलपाटे आलेच.

चर खणताना वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी तीच वर पसरायची, असा रिवाज. तो नीट पाळला नाही तर खालचा मुरूम वर येतो आणि शेतकरी वर्षानुवर्षे बोल लावतो. इथली काळी माती पावसात फुगते, यंत्रे रुततात. म्हणून कामाचे दिवस दिवाळी ते मृग. खाली काळा पाषाण. तो फोडून झाला की तळाशी मऊ मातीची गादी अंथरतात, नाहीतर अणकुचीदार दगड पाइपावरचे प्लास्टिकचे आवरण फाडतो. जोडावरच्या वेल्डिंगचे क्ष-किरण चित्र काढतात, मग पाणी भरून दाबाची चाचणी.

एवढी काळजी का, ते आंध्रातल्या नगरम गावाने 2014 मध्ये दाखवले. 'गेल' या वायू कंपनीच्या गंजलेल्या पाइपमधून वायू गळला, पेटला आणि 20 हून अधिक माणसे गेली. म्हणूनच पाइप आतून तपासणारे 'पिग' नावाचे यंत्र वायूच्याच दाबाने पुढे सरकवतात. ठरावीक अंतरावर झडपा असतात. विरळ वस्तीत दोन झडपांमध्ये 32 किलोमीटरपर्यंत अंतर चालते, दाट वस्तीत 8.

आराखड्यातले मोठे गृहीतक मात्र समुद्रातच फसले. दिवसाला सुमारे 8 कोटी घनमीटर वायू वाहील या हिशोबाने बांधलेल्या वाहिनीला 2010 मध्ये साधारण 6 कोटींपर्यंत वायू मिळाला आणि मग विहिरी झपाट्याने उतरत गेल्या. मालाचा ट्रक दुसऱ्या गावी पाठवता येतो. पुरलेला पाइप हलत नाही. 2019 मध्ये ब्रुकफील्ड या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या न्यासाने ही वाहिनी 13,000 कोटी रुपयांना घेतली. डिसेंबर 2020 पासून डी-6 च्या नव्या, अधिक खोल क्षेत्रांतून वायू निघू लागला, तसा पाइपही पुन्हा भरू लागला.