झोरा आर्कस-डंटोव्ह : वेगाची हौस आणि अभियंत्याची शिस्त

अमेरिकेतील शेवरोले कंपनीची कॉर्व्हेट ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार १९५३ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या देखणेपणाचे जितके कौतुक झाले तितकीच तिच्या यंत्ररचनेविषयी जाणकारांची निराशा झाली. पुढील दोन दशकांत ही उणीव भरून काढण्याचे काम ज्या अभियंत्याने प्रामुख्याने केले, ते झोरा आर्कस-डंटोव्ह होत. कॉर्व्हेटची मूळ कल्पना त्यांची नव्हती आणि तिचे बाह्यरूपही त्यांनी रेखाटले नव्हते, तरीही त्यांच्या नावावाचून तिचा इतिहास पुरा होत नाही. वेगाची हौस, शर्यतीचा प्रत्यक्ष अनुभव आणि मोजमापाची शिस्त या तीन गोष्टी एकाच माणसात एकत्र आल्या, तर मोठ्या उद्योगसंस्थेत काय साधता येते आणि काय अडून राहते, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.

डंटोव्ह यांचा जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी ब्रुसेल्स येथे रशियन ज्यू कुटुंबात झाला. बालपण क्रांतीच्या धामधुमीतील रशियात गेल्यावर ते १९२७ मध्ये कुटुंबासह बर्लिनला आले आणि १९३४ मध्ये तेथील शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ते व त्यांचे बंधू यूरा फ्रेंच हवाई दलात दाखल झाले, आणि १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यानंतर स्पेनमार्गे निसटून न्यूयॉर्कला पोहोचले.

तेथे या दोघा बंधूंनी स्थापन केलेल्या आर्डन या कंपनीने फोर्डच्या व्ही-८ इंजिनासाठी ॲल्युमिनियमचे नवे सिलिंडर हेड तयार केले. मूळ फोर्ड इंजिनात झडपा, म्हणजे इंधनमिश्रित हवा आत घेणारे आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे भाग, सिलिंडरच्या बाजूला बसवलेले असल्यामुळे वायूंचा मार्ग वळणाचा होत असे व इंजिन लवकर तापत असे. आर्डनच्या रचनेत त्या सिलिंडरच्या माथ्यावर, अर्धगोलाकार ज्वलनकक्षात आल्या आणि शक्ती वाढली. हा व्यवसाय टिकला नाही. डंटोव्ह इंग्लंडमध्ये अलार्ड कंपनीत गेले आणि फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत उतरू लागले. १९५४ आणि १९५५ मध्ये त्यांनी पोर्शे चालवून आपल्या गटात विजय मिळवला.

जानेवारी १९५३ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यूयॉर्कमधील प्रदर्शनात त्यांनी कॉर्व्हेट प्रथम पाहिली. तिच्या रूपाने ते प्रभावित झाले, परंतु आत होते ते १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि केवळ दोन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स. त्यांनी शेवरोलेचे मुख्य अभियंता एड कोल यांना पत्र लिहिले आणि १ मे १९५३ रोजी ते कंपनीत रुजू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी वरिष्ठांना दिलेले टिपण त्यांच्या विचारपद्धतीचा उत्तम नमुना आहे. वेगाची आवड असलेले तरुण जुन्या फोर्ड मोटारी घेऊन त्यांत फेरफार करतात, त्या मोटारींचे सुटे भाग व त्यांविषयीचे ज्ञान सर्वत्र उपलब्ध असल्याने ते सहजी दुसरीकडे वळणार नाहीत, म्हणून येऊ घातलेल्या व्ही-८ इंजिनासाठी अधिक शक्तीचे भाग कारखान्यानेच विकसित करून विकावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

या धोरणाचे पहिले ठळक फळ म्हणजे त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा केव्हा, किती आणि किती वेळ उघडाव्यात हे ठरवणारा उंचवट्यांचा फिरता दांडा. झडप अधिक उंच उचलण्याऐवजी ती अधिक काळ उघडी ठेवल्यामुळे इंजिन जास्त फेऱ्यांवरही झडपांच्या यंत्रणेवर अवाजवी ताण न पडता चालू लागले. जानेवारी १९५६ मध्ये डेटोनाच्या किनाऱ्यावर डंटोव्ह यांनी स्वतः कॉर्व्हेट चालवून ताशी १५० मैलांहून, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरहून अधिक वेग नोंदवला. १९५७ मध्ये कार्ब्युरेटरऐवजी इंधन मोजून आत सोडणारी फ्युएल इंजेक्शनची यंत्रणा आली आणि २८३ घनइंची इंजिनातून २८३ अश्वशक्ती मिळू लागली. त्याच वर्षी अमेरिकी मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींपासून दूर राहण्याचा ठराव केला, तेव्हा शर्यतीस योग्य ब्रेक व सस्पेन्शन ग्राहकांनाच विकत देण्याची वाट डंटोव्ह यांनी खुली ठेवली.

१९६३ च्या स्टिंग रे या आवृत्तीत मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याची रस्त्यावरील पकड ढळेनाशी झाली. याच मोटारीच्या मागील काचेच्या मधोमध शैलीप्रमुख बिल मिचेल यांनी ठेवलेल्या उभ्या पट्टीमुळे चालकाला मागचे नीट दिसत नाही, असा आक्षेप डंटोव्ह यांनी घेतला होता. पुढच्याच वर्षी ती पट्टी काढली गेली. १९६५ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आले.

त्यांचा सर्वांत मोठा आग्रह मात्र मान्य झाला नाही. इंजिन चालकाच्या मागे पण मागच्या आसाच्या पुढे ठेवल्यास चालकशक्ती मिळणाऱ्या चाकांवर पुरेसा भार येतो व मोटार वळणावर चपळ राहते, हे त्यांनी १९६० आणि १९६४ च्या प्रायोगिक मोटारींतून दाखवले होते. परंतु पुढे इंजिन असलेली कॉर्व्हेट चांगली खपत असताना खर्चिक बदल करण्याचे प्रयोजन व्यवस्थापनाला दिसले नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, आणि म्हणूनच तो त्यांना बदलता आला नाही.

१९७५ च्या आरंभी ते निवृत्त झाले, तरी कॉर्व्हेटशी असलेला त्यांचा संबंध तुटला नाही. २१ एप्रिल १९९६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, डेट्रॉइट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथील राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात ठेवण्यात आल्या. मध्यभागी इंजिन असलेली, विक्रीसाठीची पहिली कॉर्व्हेट जुलै २०१९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला ४४ वर्षे लोटली होती. तिला डंटोव्ह यांची मोटार म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तथापि ती घडवणाऱ्या अभियंत्यांची पिढी, तिचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आणि तिची संगणकीय नियंत्रणे वेगळ्या काळाची आहेत. डंटोव्ह यांचे खरे कर्तृत्व आधीच सिद्ध झाले होते : सामान्य ग्राहकाला विकायच्या मोटारीची परीक्षा अभियंत्याने स्वतः, तिच्या मर्यादेपर्यंत चालवून घ्यावी, हा आग्रह त्यांनी शेवरोलेत रुजवला, आणि कॉर्व्हेट टिकली ती त्या आग्रहामुळे.