ध्रुवप्रदेशांतील राष्ट्रस्पर्धा

ध्रुवप्रदेशांतील भूमी, सागरतळ, खनिजे व जलमार्ग यांवरील हक्कांसाठी राष्ट्राराष्ट्रांत चाललेली चढाओढ. हिमाच्छादन घटू लागल्यापासून ती विशेषतः उत्तरेकडे तीव्र झाली आहे.

दोन्ही ध्रुवप्रदेशांची राजकीय स्थिती भिन्न आहे. दक्षिणेस अंटार्क्टिका हे खंड असून त्याच्या भागांवर ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली व अर्जेंटिना यांनी स्वामित्व सांगितले होते. १९५९ च्या अंटार्क्टिका कराराने हे दावे मान्य वा अमान्य न करता स्थगित ठेवले. १९९१ च्या माद्रिद संलेखाने तेथे खाणकामही निषिद्ध ठरविले. उत्तरेस मात्र महासागर असून त्याभोवती रशिया, कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, नॉर्वे व ग्रीनलंडमुळे डेन्मार्क यांचे किनारे आहेत. १९८२ च्या सागरी कायद्यानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडील तळ आपल्याच समुद्रबूड जमिनीचा भाग आहे, असे सिद्ध करणाऱ्या राष्ट्रास तेथील खनिजांवर हक्क मिळतो. त्यामुळे लोमोनोसोव्ह या सागरमग्न डोंगररांगेच्या भागांवर रशिया, डेन्मार्क व कॅनडा या तिघांचेही दावे आहेत. रशियाने २००७ मध्ये ध्रुवाखालील सागरतळावर ध्वज रोवला. मात्र त्याने कोणताही कायदेशीर हक्क निर्माण होत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथील सागरी हिमाचा विस्तार सु. ३४ लाख चौ. किमी. इतका उतरला. सैबीरियालगतच्या जलमार्गाचे महत्त्वही त्यामुळे वाढले आहे.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम एस. झेड्. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. भारत १९८३ मध्ये अंटार्क्टिका करारात व २०१३ मध्ये आर्क्टिक परिषदेत निरीक्षक म्हणून सामील झाला. या कार्याचे केंद्र गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र होय. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ व ‘भारती’ आणि नॉर्वेच्या स्वालबारमधील ‘हिमाद्री’ (२००८) ही त्याची संशोधनस्थानके होत.

ध्रुवप्रदेशात भारताचा भूमीवर दावा नाही. त्याचे हित मुख्यतः मोसमी पावसाच्या अभ्यासात आहे. कारा समुद्रातील हिमाची घट व मध्य भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांत संबंध संभवतो, असे या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखविले. वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांची शेती मुख्यतः कोरडवाहू आहे. सप्टेंबरात तेथे कपाशीस बोंडे धरतात व सोयाबीन पक्व होऊ लागते. या वेळची अतिवृष्टी दोन्ही पिकांस घातक ठरते. कारा समुद्र रशियाच्या किनाऱ्यास लागून आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये आर्क्टिक परिषदेच्या इतर सात सदस्यांनी रशियासह चालणारे काम काही काळ थांबविले. असे सहकार्य खंडित झाल्यास पर्जन्याच्या अभ्यासास लागणारी निरीक्षणे दुर्मिळ होतात, आणि त्याची झळ या स्पर्धेत नसलेल्या शेतकऱ्यासही पोहोचू शकते.