वृद्धांच्या हाताला काम हवे

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. अकोला-अमरावतीकडील शेतकरी घरांत मात्र दिवस पूर्वीप्रमाणेच जात्याच्या घरघरीने उजाडे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि दिवसभराचे कष्ट. त्या जीवनाचे गोडवे गाऊ नयेत. १८९९-१९०० च्या दुष्काळाने असंख्य बळी घेतले. तरीही त्यातून एक गोष्ट आपण घ्यावी. त्या घरांत म्हातारी माणसे रिकामी बसत नसत. बियाणे निवडणे, नातवंडे राखणे त्यांच्याकडे असे. आपल्या घरातील आजी-आजोबांनाही बसून झेपेल असे एक काम रोज द्यावे, शेंगा सोलण्याचे का असेना. वेळ लागला तरी ते हातातून काढून घेऊ नये.