पावसाळी पोशाख
पावसाळी पोशाख : पावसात चालताना किंवा उघड्यावर काम करताना शरीराचे पाण्यापासून, वाऱ्यापासून व अवाजवी उष्णताऱ्हासापासून रक्षण व्हावे, तसेच घामाची वाफ बाहेर पडून अंग सुखावह राहावे, यासाठी वापरावयाची वस्त्रे, आच्छादने व पादत्राणे यांस स्थूलमानाने पावसाळी पोशाख म्हणतात. बाहेरील पाणी आत येऊ न देणे एवढाच त्याचा हेतू असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत आतील पाणी बाहेर जाऊ देणे हाही तितकाच महत्त्वाचा हेतू असतो. हे दोन हेतू परस्परविरोधी असल्यामुळे सर्व प्रसंगी योग्य ठरेल असा एकच पोशाख सांगता येत नाही. पावसाचे मान, हवेचे तापमान, वारा, चालण्याचे श्रम आणि पावसात काढावयाचा वेळ यांवर त्याची निवड अवलंबून असते.

स्थानिक हवामान व पोशाख : महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्व प्रकार सातारा जिल्ह्यात थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर (उंची सु. १,३७२ मी.) येथे वर्षाला सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो. तेथून पूर्वेस पाचगणीला तो जेमतेम एकतृतीयांश होतो, तर सु. ३० किमी. अंतरावरील वाई येथे १,००० मिमी.हूनही कमी भरतो. त्याही पूर्वेचा माण तालुका पर्जन्यछायेत असून तेथील पाऊस ५०० मिमी.च्या आसपास असतो. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या वेण्णा नदीच्या खोऱ्यातील मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण या दोन टोकांमधील संक्रमण पट्ट्यात येते. त्याच्या पश्चिमेस केळघर घाटाकडे व कोयना खोऱ्यातील बामणोलीकडे पावसाची झड दिवसचे दिवस लागून राहते आणि वारा व धुके यांची तिला साथ असते. पूर्वेस साताऱ्याकडे मात्र सरी अधूनमधून येऊन जातात. जुलै महिन्यात महाबळेश्वरचे तापमान सु. १७° ते २०° से. यांदरम्यान राहते, तर घाटाखालील कोकणात पाऊस पडत असतानाही ते २५° से.हून अधिक असते. साहजिकच कोकणात घामाचा, तर घाटमाथ्यावर गारठ्याचा प्रश्न मुख्य ठरतो. मेढ्याहून घाट चढून जाणाऱ्या वाटसरूला एकाच दिवशी या दोहोंना तोंड द्यावे लागते.

शरीरोष्णता व आर्द्रता : सपाटीवर मध्यम गतीने चालणारा प्रौढ मनुष्य तासाला सु. २५० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो व तीपैकी बहुतेक उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. चढणीवर हा खर्च दुपटीपर्यंत जाऊ शकतो. ही उष्णता घालविण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन होय. एक ग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना त्वचेवरील सु. ५८० कॅलरी उष्णता वापरली जाते. वस्त्रातून वाफ बाहेर जाण्याचा वेग आतील व बाहेरील बाष्पदाबांमधील फरकावर अवलंबून असतो. सु. ३४° से. तापमानाच्या ओल्या त्वचेलगत बाष्पदाब सु. ४० मिमी. (पारा) असतो. पावसात बाहेरील हवा जवळजवळ संतृप्त असल्याने तिचा बाष्पदाब ५° से. तापमानास सु. ६·५ मिमी., १८° से.ला सु. १५·५ मिमी. व २७° से.ला सु. २७ मिमी. भरतो. म्हणजेच वाफेला बाहेर ढकलणारा फरक थंड प्रदेशात सु. ३३ मिमी., महाबळेश्वरला सु. २४ मिमी., तर कोकणात केवळ १३ मिमी. इतकाच राहतो. थंड हवामानासाठी तयार केलेले बाष्पपार्य अंगरखे कोकणच्या पावसात आतून ओले का होतात, याचे कारण यात आढळते. हा दोष सर्वस्वी कापडाचा नसतो.

दुसरी महत्त्वाची बाब उष्णतासंवहनाची आहे. वस्त्रातील उबेचे कारण तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा हे असते. पाण्याची उष्णतासंवाहकता हवेच्या सु. २५ पट असल्याने वस्त्र भिजून हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब झपाट्याने नाहीशी होते. त्यात वारा असल्यास बाष्पीभवन व संनयन यांमुळे उष्णताऱ्हास आणखी वाढतो. त्यामुळे चालताना सुखकर वाटणारे भिजलेले कपडे थांबताच गारठा आणतात.

तंतूंचे गुणधर्म : २०° से. तापमान व ६५% सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सु. १६%, रेशीम ११%, कापूस ८%, नायलॉन ४% व पॉलिएस्टर ०·४% आर्द्रता धारण करतात. लोकर आपल्या वजनाच्या सु. ३०% पर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. शिवाय बाष्प शोषताना ती थोडी उष्णता बाहेर टाकते. तिच्या कुरळेपणामुळे ओलेपणीही तंतूंमध्ये काही हवा टिकून राहते. कापूस पाणी ओढून घेतो, तंतू मऊ पडून कापड अंगाला चिकटते आणि वाळण्यास फार वेळ लागतो. हाताने पिळलेल्या सुती कपड्यातही त्याच्या वजनाइतके पाणी राहू शकते. जाड सुती कापड, विशेषतः जीनचे, यासाठी पावसात सर्वांत गैरसोयीचे ठरते. पॉलिएस्टर व नायलॉन यांचे तंतू स्वतः पाणी फारसे शोषत नाहीत. विरळ विणीच्या पातळ कापडात केशाकर्षणाने घाम पसरतो व ते लवकर वाळते. तथापि त्यांत दुर्गंधी लवकर धरते आणि ते विस्तवाजवळ वितळतात, हे ओले कपडे चुलीपाशी वाळविणाऱ्यांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पारंपरिक साधने : महाराष्ट्रातील शेतकरी व मेंढपाळ यांनी घोंगडी व इरले ही दोन साधने पिढ्यान्‌पिढ्या वापरली. घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची असते. धनगर व सणगर समाजांत सूत काढून ती मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. माण तालुक्यातील म्हसवड हे गाव घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घोंगडीचे एक टोक दुसऱ्यात खोचून केलेली ‘खोळ’ डोक्यावरून पाठीवर सोडली जाते. लोकरीतील नैसर्गिक स्निग्धांश व घट्ट वीण यांमुळे रिमझिम पाऊस बराच वेळ पृष्ठभागावरच थोपविला जातो. संततधारेत घोंगडी भिजून जड होते, हा तिचा मोठा दोष; पण भिजूनही ती काही ऊब राखते व रात्री अंथरूण-पांघरूण म्हणून उपयोगी पडते. ज्यांना घोंगडी परवडत नसे ते गोणपाटाची खोळ करीत.

इरले हे बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये पळस, साग इ. वृक्षांची पाने दाबून बसवून केलेले, पालथ्या नावेसारखे आच्छादन होय. ते डोक्यावर टेकून पाठीवरून कमरेखालपर्यंत येते. वाकून भातलावणी करणाऱ्याच्या पाठीवरील पाणी ते मागे निथळून टाकते, दोन्ही हात मोकळे ठेवते आणि अंग व आच्छादन यांमध्ये हवा खेळती राहू देते. वायुवीजनाच्या दृष्टीने आजच्या पुष्कळ बंदिस्त अंगरख्यांपेक्षा इरले सरस म्हणावे लागेल. मात्र ताठ चालताना ते अडचणीचे होते व जोराच्या वाऱ्यात सावरत नाही. प्लॅस्टिकचा कागद स्वस्त व हलका असल्यामुळे बहुतेक ठिकाणी इरल्याची व घोंगडीच्या खोळीची जागा त्याने घेतली आहे. कागदातून वाफ मुळीच जात नाही. पण तो खोळीप्रमाणे सैल, बाजूंनी उघडा घेतल्यास हा दोष पुष्कळसा कमी होतो. तो ऊब मात्र देत नाही.

जलाभेद्य कापडे : दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवासी रबराच्या चिकाचा कापडावर लेप देत असत. स्कॉटिश रसायनज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश (१७६६–१८४३) यांनी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅप्थ्यात रबर विरघळवून त्याचा थर दोन कापडांमध्ये घातला व १८२३ मध्ये त्याचे एकस्व घेतले. हे कापड उन्हाळ्यात चिकट व थंडीत ताठर होई. चार्ल्स गुडइयर (१८००–६०) यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणाच्या प्रक्रियेने हा दोष दूर झाला. टॉमस बर्बेरी (१८३५–१९२६) यांनी १८७९ मध्ये घट्ट विणीचे गॅबर्डीन कापड तयार केले; ते पूर्णपणे जलाभेद्य नसले, तरी त्यातून हवा जाऊ शकते. भारतात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात (आता कोलकाता) सुरू केलेल्या ‘बेंगॉल वॉटरप्रूफ’ या उद्योगाचे ‘डकबॅक’ रेनकोट देशभर, विशेषतः शाळकरी मुलांत, परिचित झाले.

रॉबर्ट गोर (१९३७–२०२०) यांनी १९६९ मध्ये पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन हे बहुवारिक वेगाने ताणून त्याचे सूक्ष्मछिद्री पटल मिळविले. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान, परंतु बाष्पाच्या रेणूहून शेकडो पटींनी मोठी असल्याने पाणी अडते व वाफ जाते. ‘गोअर-टेक्स’ या नावाने असे कापड १९७६ पासून बाजारात आले. त्यावरील बाह्य कापडाला पाणी निथळून जावे म्हणून जलप्रतिसारी लेप देतात. लेप झिजला की बाह्य कापड पाणी धरते व पाण्याच्या थरामुळे वाफेचा मार्ग खुंटतो. अशा लेपांत प्रदीर्घ काळ फ्लुओरीनयुक्त कार्बनी संयुगे वापरली गेली. ती निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांपैकी परफ्लुओरोऑक्टॅनोइक अम्लाचा २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलनाच्या यादीत समावेश झाला असून अनेक उत्पादक फ्लुओरीनविरहित लेपांकडे वळले आहेत.

पोशाखाची निवड : चालणाऱ्याने प्रथम आपण भिजणे टाळू शकतो काय, हे ठरविणे हिताचे असते. अल्प वेळाच्या सरीत व वारा नसताना छत्रीइतके सुखकर साधन नाही. तिच्याखाली अंगाभोवतीची हवा पूर्ण मोकळी राहते. घाटातील वाऱ्यात ती उलटते व एक हात अडकवून ठेवते. उबदार हवेत दीर्घकाळ चालावयाचे असल्यास पातळ, सैल, लवकर वाळणारे कपडे घालून भिजणे पत्करावे आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जवळ ठेवावा. गार वाऱ्याच्या माथ्यावर मात्र त्वचेलगत पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा व बाहेर वारा आणि पाणी अडविणारा अंगरखा आवश्यक ठरतो. अंगरखा एक माप मोठा असावा. काखेत व गळ्याशी उघडता येणारा असल्यास चढणीवर मोकळा करून घाम टाळता येतो. शिवणींवर आतून पट्टी नसेल, तर सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपते. पाठपिशवीच्या पट्ट्यांखाली व गुडघ्यांवर दाब पडत असल्याने तेथे कापड प्रथम हार खाते. टोपीला पुढे कडा असल्यास डोळ्यांवर पाणी येत नाही. धुक्यात घाटरस्त्यावरून चालणाऱ्यांनी, विशेषतः वाड्यावस्त्यांवरून शाळेत जाणाऱ्या मुलांनी, पिवळा वा भगवा असा ठळक रंग वापरावा. काळा व करडा रंग वाहनचालकास उशिरा दिसतो.

भातलावणीच्या दिवसांत स्त्रिया दिवसभर घोट्याच्या वर चिखलात व पावसात असतात. भिजलेल्या सुती नऊवारीचे वजन बरेच वाढते व मांड्यांना काच पडतो. काष्टा गुडघ्यापर्यंत वर खोचण्याची रीत यामुळेच सोयीची ठरते. कृत्रिम धाग्याचे लुगडे हलके राहते व लवकर वाळते, परंतु गारठ्यात ऊब देत नाही. त्यावर लोकरीचे वा दुसरे कोरडे आच्छादन विश्रांतीच्या वेळी घेणे इष्ट असते.

पादत्राणे : गुडघ्याएवढे रबरी बूट चिखलात उपयुक्त असतात, पण लांबच्या चालीत आत घाम साचतो व वरून पाणी शिरल्यास ते जड होतात. पाणी धरून न ठेवणारे, घट्ट पट्ट्यांचे व खाचदार तळाचे सँडल किंवा लवकर निथळणारे बूट घाटवाटेवर अधिक बरे. चामडे भिजून कुजते. पाय सतत ओले राहिल्यास बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सोलते व कवकसंसर्ग होतो. याला ग्रामीण भागात ‘चिखल्या’ म्हणतात. रात्री पाय धुऊन बेचक्यांसह पुसून कोरडे ठेवणे, हा त्यावरील मुख्य प्रतिबंध होय. पायास जखम असताना साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालल्यास लेप्टोस्पायरोसिस होण्याचा धोका असतो. ओलसर जंगलातील जळवांपासून लांब मोजे व त्यांत खोचलेली विजार यांमुळे बरेच रक्षण होते.

शारीरिक धोके : शरीराचे अंतर्गत तापमान ३५° से.खाली गेल्यास त्या अवस्थेस अवतापन म्हणतात. ते केवळ हिमप्रदेशातच होते असे नाही. १०° ते १५° से. तापमानाच्या हवेतही भिजलेले कपडे, वारा, थकवा व उपासमार एकत्र आल्यास ते संभवते. लहान मुले, वृद्ध व कृश व्यक्ती यांना धोका अधिक असतो. अनावर कापरे, बोटांचा बधिरपणा, अडखळते बोलणे, झोकांड्या व विचारांतील गोंधळ ही त्याची लक्षणे होत. श्रम न करताच कापरे थांबणे हे सुधारणेचे नव्हे, तर प्रकृती बिघडत असल्याचे चिन्ह समजावे. रुग्णास आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, अंग हलके टिपून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे व शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत. मद्य देऊ नये, कारण त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता अधिक वेगाने जाते. त्यानंतर त्वरित वैद्यकीय मदत मिळवावी.

निगा : पावसाळी अंगरखा ओला घडी करून ठेवल्यास त्यावर बुरशी येते व लेप सुटतो. तो साध्या पाण्याने धुऊन सावलीत पसरून वाळवावा. जलप्रतिसारी लेप झिजल्यास पुन्हा देता येतो. घोंगडी पिळू नये. निथळवून वाऱ्यावर वाळवावी आणि पावसाळा संपल्यावर कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून ठेवावी. इरले चुलीच्या धुराजवळ टांगल्यास त्यातील पाने किडत नाहीत. जुन्या घरांत त्याची जागा बहुधा तीच असे.